चिठ्ठीत प्लासेबो निघाला तर?

दिवाळीत आमच्याकडे माणसं जमली की फराळासोबत एक तरी वाद लागतोच. या वर्षीचा वाद चुलतभावाच्या सुनेवरून झाला. तिला चार वर्षांपासून आयटीपी आहे, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती रक्तस्राव थांबवणाऱ्या स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करते. स्टिरॉइड घेऊन चेहरा सुजला, गोळ्या बदलल्या, आकडा वीस हजार आणि साठ हजार यांच्या मध्ये हेलकावे खात राहिला. आता तिच्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीत नाव घालणार का, असं विचारलं होतं. औषध म्हणजे अँटिबॉडी, ठरावीक रेणूला जाऊन चिकटणारं प्रथिन. अट एवढीच की औषध मिळणार की प्लासेबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन, हे संगणक ठरवणार, आणि ते तिलाही कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. झालं. निवृत्त मुख्याध्यापक असलेले आमचे अण्णा कडाडले, ‘आपल्या पोरीबाळींवर प्रयोग करायचे आणि वर खारं पाणी टोचून घरी पाठवायचं?’ पुण्यात आयटीत असलेला भाचा दुसऱ्या टोकाला. त्यानं मोबाइलवर चीनमधल्या अशाच एका औषधाचा निष्कर्ष काढून दाखवला. बावीसपैकी एकवीस रुग्णांच्या प्लेटलेट वाढल्या होत्या. ‘एवढं लख्ख दिसत असताना प्लासेबो कशाला? सरळ सगळ्यांना द्या की!’

दोघंही तावातावानं बोलत होते आणि दोघांचंही निम्मं चुकत होतं. मी तीस वर्षं मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये प्लेटलेट मोजण्यात घालवली. त्या अनुभवावरून माझं मत सांगतो. आयटीपीसारख्या आजारात नवी अँटिबॉडी प्लासेबोसमोर उभी करूनच तपासली पाहिजे, तिथे सवलत नको. अन्याय होतो तो चिठ्ठी टाकताना नव्हे. तो आधी होतो, संमतिपत्र वाचून दाखवताना, आणि नंतर होतो, चाचणी संपून औषध बंद होताना. आपण भांडतो मात्र चिठ्ठीवरून.

आधी आकड्याबद्दल. निरोगी माणसात प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाख असतात. एक लाखाच्या खाली, आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर आयटीपी म्हणतात. पण हा आकडा दगडावरची रेघ नाही. एखाद्याच्या रक्तात, ते गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन घातलेल्या बाटलीत गेल्यावर, प्लेटलेटचे गोळे होतात, मशीन ते मोजत नाही आणि रिपोर्टवर चाळीस हजार छापून येतात. माणूस ठणठणीत असतो. अशा वेळी आम्ही काचेवर स्मीअर, म्हणजे रक्ताचा पातळ थर, ओढायचो, सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली एका फील्डमध्ये, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळात, किती दिसतात ते मोजायचो आणि पंधरा हजारांनी गुणायचो. दहा-दहा फील्ड बघूनही दोन तंत्रज्ञांचे आकडे जुळतीलच असं नसे. त्यात रुग्णाला नुकताच ताप येऊन गेलेला, कुणी अधूनमधून स्टिरॉइड घेतलेलं, कुणाचा आजार आपोआप ओसरत चाललेला. लहान मुलांत तर हा आजार बहुतेकदा काही महिन्यांत स्वतःहूनच जातो. मोठ्यांत तो रेंगाळतो, तरी चढउतार असतातच. आणि रुग्ण चाचणीत शिरतो तो नेमका आकडा तळाला गेलेला असताना. तळाहून वर येण्याखेरीज त्या आकड्याला फारशी वाटच नसते.

डेंग्यूच्या दिवसांत हे आपण दर पावसाळ्यात बघतो. पाचव्या-सहाव्या दिवशी प्लेटलेट तळाला जातात, घरचे पपईच्या पानांचा रस पाजतात, आठव्या दिवशी आकडा वर येतो आणि पपईचा जयजयकार होतो. रस न पाजलेल्यांचाही आकडा त्याच सुमाराला वर येतो, पण तो बघायला कुणी थांबत नाही. कावळा बसला आणि फांदी तुटली. प्लासेबो गट म्हणजे कावळा न बसलेल्या फांद्यांची मोजदाद, दुसरं काही नाही.

भाच्याचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. काही औषधांचा परिणाम इतका ढळढळीत असतो की तुलना करत बसणं हेच क्रौर्य ठरतं. 1922च्या जानेवारीत टोरांटोत मरणपंथाला लागलेल्या मधुमेही मुलाला इन्सुलिन टोचलं, तेव्हा कुणी शेजारच्या खाटेवरच्या मुलाला खारं पाणी टोचून बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. त्या मुलांचं पुढे काय होणार हे ठाऊक होतं. आपोआप बरं होण्याची वाटच नव्हती. आयटीपीत ती वाट आहे, इथेच फरक पडतो. आता भाच्यानं दाखवलेली ती चिनी चाचणी घ्या. सीडी 38 या रेणूवर नेम धरणारी अँटिबॉडी, 2024मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष. आठ आठवड्यांत एकदा तरी पन्नास हजारांचा टप्पा गाठला का, असं विचारलं तर बावीसपैकी एकवीस. पण शेवटच्या आठ मोजण्यांपैकी निदान सहांमध्ये पन्नास हजार टिकले का, असं विचारलं की तेच बावीस जण, तेच औषध, आणि उत्तर चौदा. पट्टी बदलली की उंची बदलली. चौदा हाही उत्तम आकडा आहे, मला त्या औषधाविषयी आशाच वाटते. पण औषध न देता या बावीस जणांत किती जण टिकले असते? त्या चाचणीत प्लासेबो गटच नव्हता, त्यामुळे हे तिच्यातून कळणार नाही. असे निष्कर्ष पुढची, मोठी चाचणी करण्यासाठी असतात, ती टाळण्यासाठी नसतात.

आशेनं आपल्याला याआधी फसवलेलं आहे, तेही याच आजारात. रिटुक्सिमॅब घ्या. 1997मध्ये लिम्फोमा या कर्करोगासाठी मान्यता मिळालेली ही अँटिबॉडी लवकरच आयटीपीतही वापरली जाऊ लागली, कारण ती बी-पेशींवर हल्ला करते आणि प्लेटलेटविरुद्धच्या अँटिबॉडी तयार होण्याची सुरुवात तिथूनच होते. तर्क निर्दोष होता. सुरुवातीचे अनुभव चांगले होते. 2007मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजनं तिचं भारतीय रूप आणलं, किंमत उतरली, आपल्याकडेही ती रुळली. मग 2015मध्ये सव्वाशेहून कमी रुग्णांची, पण प्लासेबोसमोर उभी केलेली एक चाचणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. दीड वर्षाच्या अखेरीस उपचार फसण्याच्या प्रमाणात दोन गटांत ठोस फरक सापडला नाही. याचा अर्थ रिटुक्सिमॅब निरुपयोगी आहे असा नाही. काहींना ती काही काळ निश्चित उपयोगी पडते, आणि आजही दिली जाते. पण तोवर जगभरच्या हजारो रुग्णांनी ती ज्या अपेक्षेनं घेतली होती, त्या अपेक्षेला पुराव्याचा आधार नव्हता.

त्याहून बोलका किस्सा एफगार्टिगिमॉड या औषधाचा. आपल्या रक्तातली आयजीजी अँटिबॉडी साधारण तीन आठवडे टिकते, कारण एफसीआरएन नावाचा एक रिसेप्टर, म्हणजे तिला पकडणारा रेणू, तिला मोडीत निघण्यापासून वाचवून पुन्हा रक्तात सोडतो. हे औषध म्हणजे अँटिबॉडीचाच एक तुकडा. तो त्या रिसेप्टरची जागा अडवतो, त्यामुळे जुन्या आयजीजी लवकर मोडीत निघतात, त्यांत प्लेटलेटच्या वैरीही जातात. सुक्याबरोबर ओलंही जळतं हे खरं, पण कल्पना देखणी आहे. शिरेतून देऊन केलेल्या, 131 रुग्णांच्या चाचणीत जुनाट आजार असलेल्यांपैकी औषधाच्या गटात सुमारे 22 टक्क्यांना टिकाऊ प्रतिसाद मिळाला, प्लासेबोत 5 टक्क्यांना. त्या बळावर 2024मध्ये जपाननं त्याला मान्यता दिली. तेच औषध कातडीखाली टोचून पुन्हा तपासलं, तर 2023च्या अखेरीस जाहीर झालेला निकाल असा: औषध घेतलेल्यांत सुमारे 14 टक्के, प्लासेबो घेतलेल्यांत सुमारे 16 टक्के. प्लासेबो गट नसता तर ते 14 टक्के आपण औषधाच्या खात्यात जमा केले असते. आता अण्णांना विचारावंसं वाटतं, खाऱ्या पाण्यानं इथे कुणाला फसवलं? उलट त्यानं फसवणूक होऊ दिली नाही.

अँटिबॉडीच्या बाबतीत सावध राहण्याचं आणखी एक कारण आहे. गोळी चुकली तर बहुतेकदा बंद करता येते, काही तासांत किंवा दिवसांत ती शरीराबाहेर जाते. अँटिबॉडी आठवडेच्या आठवडे अंगात मुक्काम ठोकते, आणि ज्या रेणूला ती जाऊन चिकटते तो फक्त आपल्याला हव्या त्या पेशीवरच असेल याची हमी नसते. 1990च्या दशकात सीडी 40 लायगँड या रेणूविरुद्धची अँटिबॉडी ल्युपससाठी, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आणखी एका आजारासाठी, तपासली गेली, आयटीपीच्या रुग्णांनाही दिली गेली. 1999मध्ये त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या, कारण रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ लागल्या. तो रेणू प्लेटलेटवरही असतो, आणि या औषधाच्या संगतीत प्लेटलेट गोठायला उद्युक्त होत होत्या. रक्त न थांबणाऱ्या आजारावरच्या औषधानं रक्त गोठवलं! त्याच सुमाराला प्लेटलेट वाढवणारा एक कृत्रिम संप्रेरक निरोगी स्वयंसेवकांना टोचला गेला. त्यांच्यापैकी 325 जणांत 13 जणांच्या शरीरानं त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या, त्या अँटिबॉडी त्यांच्या स्वतःच्या संप्रेरकावरही उलटल्या आणि धडधाकट माणसांच्या प्लेटलेट कोसळल्या. 2006मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात टीजीएन 1412 या अँटिबॉडीनं सहा तरुण एकाच दिवशी अतिदक्षता विभागात गेले. डोस काही मिनिटांच्या अंतरानं एकापाठोपाठ एक दिले होते. पहिल्याचं काय होतं हे बघायला कुणी थांबलं नव्हतं. ‘सरळ सगळ्यांना द्या की’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

आता अण्णांच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा. ज्या बाईच्या प्लेटलेट दहा हजारांवर आहेत, तिला खारं पाणी टोचणं धोक्याचं नाही का? मेंदूत रक्तस्राव झाला तर? धोका आहे. तो क्वचित घडतो, पण ज्याच्या घरात घडतो त्याला टक्केवारी सांगून उपयोग नसतो. म्हणूनच अशा चाचणीत प्लासेबो म्हणजे ‘काहीच नाही’ असं नसतं, निदान नसावं. चालू असलेली औषधं चालू राहतात, त्यांच्यावर एकीकडे नवं औषध आणि दुसरीकडे प्लासेबो चढवलं जातं. आकडा घसरला किंवा रक्त दिसलं की इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी), स्टिरॉइड यांसारखे बचावाचे उपचार ताबडतोब द्यायचे आणि त्या रुग्णाची नोंद ‘प्रतिसाद नाही’ अशी करायची. ठरलेली मुदत संपली की प्लासेबो गटालाही खरं औषध देण्याची पद्धत बऱ्याच चाचण्यांत आहे. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणारा हेलसिंकी जाहीरनामाही प्लासेबोला सरसकट परवानगी देत नाही. गंभीर, भरून न येणारी हानी होण्याची जोखीम त्यामुळे वाढत असेल तर तो नको, असं तो बजावतो. तेव्हा प्रश्न ‘प्लासेबो हवा की नको’ असा नसून ‘रात्री दोन वाजता नाकातून रक्त आलं तर फोन कोण उचलणार, आणि सांगलीच्या पलीकडच्या गावातून रुग्णाला आणणार कोण’ असा आहे. हा प्रश्न अण्णांनी विचारला असता तर मी त्यांच्याच बाजूनं उभा राहिलो असतो.

दुसराही आक्षेप मला निम्मा मान्य आहे. बाजारात औषधं असताना नव्याची तुलना त्यांच्याशी का नको? कारण उघड आहे, प्लासेबोला हरवणं सोपं असतं. कंपनीला मान्यता हवी असते, आणि स्वस्त रिटुक्सिमॅबपेक्षा आपलं महाग औषध सरस आहे की नाही, हे उत्तर तिला नको असतं. ते आपल्याला हवं आहे. म्हणून प्लासेबोची चाचणी झाल्यावर जुन्या औषधाशी गाठ घालणारी चाचणी सरकारी पैशानं व्हायला हवी. परळला केईएमच्या आवारात रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, मोठी सार्वजनिक रुग्णालयं आहेत, रुग्णांची वाण नाही. इच्छाशक्तीची आहे.

‘गिनीपिग’ या शब्दाकडे येतो, कारण वादात तो आला की विचार थांबतो. या आजारातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग एका डॉक्टरनं स्वतःवर केला होता. 1950मध्ये सेंट लुईसच्या बार्न्स रुग्णालयात विल्यम हॅरिंग्टननं आयटीपीच्या रुग्णाचं अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या, त्याला आकडी आली. पाचेक दिवसांत तो सावरला, आणि रक्तातलाच कुठला तरी घटक प्लेटलेट मारतो हे सिद्ध झालं. तोवर 1916मध्ये प्रागच्या काझनेल्सन नावाच्या विद्यार्थ्यानं सुचवल्याप्रमाणे पानथरी काढून टाकायची, इतकंच लोकांना माहीत होतं. हॅरिंग्टनला आपण काय करतोय हे पूर्ण ठाऊक होतं. आपल्याकडचं उदाहरण हाफकिनचं. 10 जानेवारी 1897ला मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यानं प्लेगची लस आधी स्वतःला टोचली. त्याच महिन्याअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना टोचून, न टोचलेल्या कैद्यांशी तुलना केली. न टोचलेल्यांत प्लेग कितीतरी अधिक झाला. तुलनेच्या बळावर लस उभी राहिली, हे खरंच. पण कैद्याच्या ‘हो’ला कितपत अर्थ असतो? प्रयोगाची मांडणी चोख आणि संमती डळमळीत, ही जोडी तेव्हापासूनची आहे. 2009-10मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात आश्रमशाळेतल्या मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. पुढे या प्रकल्पातल्या, आंध्र आणि गुजरात मिळून, सात मुलींच्या मृत्यूंची चौकशी झाली, त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही, पण सह्यांचं काय? संसदीय समितीनं 2013मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानंही चाचण्यांवरच्या ढिसाळ देखरेखीबद्दल केंद्राला फटकारलं, आणि त्यातूनच पुढे 2019चे नवे नियम आले. हॅरिंग्टन आणि खम्ममची मुलगी, दोघांवरही प्रयोगच झाला. एकाला माहीत होतं, दुसरीला नव्हतं. गिनीपिग कोण, हे तिथे ठरतं.

आमच्या सुनेनं ते संमतिपत्र मला वाचायला दिलं. चोवीस पानं, मराठीत. म्हणजे लिपी मराठी. ‘यादृच्छिकीकरण’, ‘द्वि-अंध’, ‘छद्मौषध’. मी आयुष्यभर लॅबमध्ये होतो तरी दोनदा अडखळलो. ‘कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरेल, आणि ती चिठ्ठी तुम्हालाही दाखवणार नाही, डॉक्टरांनाही नाही’ हे लिहायला किती कष्ट पडले असते? दुर्बल गटातल्या रुग्णांकडून काही चाचण्यांत संमती घेताना चित्रीकरण करण्याचा नियम आहे. पण न समजलेल्या वाक्यावर मान डोलावतानाचं चित्रीकरण म्हणजे कुणाचं संरक्षण? त्यात इम्युनोग्लोब्युलिनचा एक कोर्स लाखाच्या पुढे जातो. ज्याला तो परवडत नाही, त्याला चाचणीतल्या फुकट रक्ततपासण्या आणि फुकट बचावाचे उपचार दिसले की चोवीस पानं वाचायचं कारणच उरत नाही.

आणि चाचणी संपल्यावर? 2019च्या नियमांतला सत्ताविसावा नियम चाचणीनंतरही औषध फुकट देण्याबद्दल बोलतो. वाचताना बरं वाटतं. मग अट येते: त्या आजारावर दुसरा पर्यायी उपचार उपलब्ध नसेल तर. इथेच घोडं पेंड खातं. आयटीपीवर कागदोपत्री पर्याय अर्धा डझन आहेत. ते सगळे आमच्या सुनेचे करून झालेत, म्हणून तर ती चाचणीच्या दारात आली. तिला या अँटिबॉडीनं गुण आला तरी शेवटच्या इंजेक्शननंतर ती बाजारभावानं घ्यायची, तीही भारतात आली तर. ऑगस्ट 2024मध्ये केंद्रानं ठरवलं की अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ इथे मान्यता मिळालेल्या काही प्रकारच्या औषधांना भारतात स्थानिक चाचणीतून सूट मिळू शकेल. दुर्मीळ आजारांवरची औषधं त्यात आहेत, आणि रुग्णांच्या दृष्टीनं ते स्वागतार्हही आहे. पण त्यामुळे औषध लवकर आलं तरी स्वस्त येत नाही. जोखीम उचलताना इथला रुग्ण रांगेत पुढे आणि औषध घेताना मागे, हा हिशेब मला पटत नाही. ‘पर्यायी उपचार उपलब्ध नसेल’ या शब्दांच्या जागी ‘या रुग्णावर पर्यायी उपचार लागू पडले नसतील’ एवढे शब्द घातले, तर आयटीपीच काय, कितीतरी जुनाट आजारांतल्या माणसांचं भलं होईल.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी सुनेसोबत गेलो. चाचणीची समन्वयक मुलगी चांगली होती, तिशीतली, घाईत असूनही समजावून सांगणारी. सुनेनं चिठ्ठीबद्दल काहीच विचारलं नाही. प्लासेबो निघाला तर निघाला, म्हणाली, चार वर्षांत बरंच काही निघालंय. तिनं दोनच प्रश्न विचारले. रात्री रक्त आलं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा? मुलीनं लगेच कार्डावर लिहून दिला. आणि मला गुण आला, तर तुमची चाचणी संपल्यावर हे इंजेक्शन मला कोण देणार? मुलगी पानं उलटत राहिली, मग म्हणाली, ‘ताई, हे मी सरांना विचारून सांगते.’ सुनेनं सही न करता पेन तिला परत दिलं आणि म्हणाली, ‘विचारा. मी पुढच्या गुरुवारी येते.’